आईची मिश्री

आई,

तू रोज सकाळी नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घराच्या मागच्या गॅलरीत पाटावर बसून मिश्री लावायचीस आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून ब्रशने दात घासायचे. तुझं बोट काळं, माझ्या तोंडात पांढरा फेस. कळवणहून लग्न होऊन आलीस ती ही सवय घेऊनच. तुझ्या आईला होती, मावशीला होती, गावातल्या बहुतेक बायकांना होती. सकाळी, मग दुपारी भांडी आवरल्यावर, आणि निजायच्या आधी. दुपारची मिश्री लावून भिंतीला टेकून बसलीस की तुझा चेहरा जरा सैल व्हायचा. दिवसभरात तेवढीच काय ती तुझी उसंत, म्हणून त्या वेळी आम्ही भावंडं तुला हाक मारत नसू.

आणि आमच्या तब्येतीच्या बाबतीत तुझ्याइतकी कडक बाई मी दुसरी पाहिली नाही. पाणी उकळून गाळल्याशिवाय माठात पडत नसे. शाळेतून आल्यावर साबणाने हातपाय धुतल्याखेरीज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. गाडीवरचं कापलेलं फळ नाही. दिवेलागणीच्या सुमारास जेवण, आणि जेवल्यावर सोसायटीच्या आवारात सगळ्यांनी फेऱ्या मारायच्या, पाऊस असला तर जिन्यात. बाबा तेव्हा ओझरच्या कारखान्यात जायचे आणि बसमधल्या मित्रांच्या संगतीने तंबाखू मळायला लागले होते. एकदा शर्ट धुवायला घेताना तुला खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली. तू बाबांना मोरीशी बोलावलंस आणि त्यांच्यासमोर दोन्ही पाण्यात रिकाम्या केल्यास. "माझ्या पोरांना बाप पाहिजे," म्हणालीस. "उद्या हे घरात परत दिसलं तर मी कळवणला जाते." बाबांनी मान खाली घातली. आठवडाभर सगळ्यांवर चिडचिड केली, पण तंबाखू सोडली ती कायमची. त्यांच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, की हे सगळं बोलताना तुझ्या स्वतःच्या कमरेला मिश्रीची डबी खोचलेली होती. आमच्या घरात तंबाखू म्हणजे व्यसन, आणि मिश्री म्हणजे दात घासणं.

एक दिवस आठवतो. मला ताप होता, शाळेत गेले नव्हते, आणि तुझी मिश्री संपली होती. एरवी आम्ही शाळेत गेलो की तू तंबाखूची पानं जुन्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायचीस आणि कुटून ठेवायचीस. त्या दिवशी तू मला चादरीत गुंडाळून शेजारच्या काकूंकडे नेऊन निजवलंस. "धूर हिच्या छातीत जाईल," असं त्यांना सांगितलंस. मी काकूंच्या पलंगावर पडून भिंतीपलीकडचं तुझं खोकणं ऐकत होते. तो धूर माझ्यासाठी वाईट आहे हे तुला कळत होतं. तो तुलाही वाईट असेल, असं आपल्या घरात कुणाच्या मनातच आलं नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तू ठेचा खायचं सोडलंस. पाट्यावर मिरच्या वाटायचीस, आम्हाला वाढायचीस, आणि स्वतः ताकात भाकरी कुस्करून घ्यायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "उष्णता झाली असंल." मग सब्जा झाला, गुलकंद झाला, ज्येष्ठमध झालं. खालच्या हिरडीजवळ पांढरा चट्टा होता, तो तू आरशात बघत असशील बहुधा, पण आम्हाला दाखवला नाहीस. चट्ट्याची जखम झाली आणि गाल सुजला, तेव्हा कुठे बाबा तुला दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"नाही," तू म्हणालीस. जरा रागानेच. "आमच्या घरात शिवू देत नाही मी."

"कधीच नाही," मीही म्हणाले. बाबांनीही मान डोलावली. आपण तिघंही खरंच बोलत होतो.

डॉक्टर थोडा वेळ तुझ्या तोंडात बघत राहिले. मग म्हणाले, "दात कशाने घासता?"

"मिश्रीनं."

त्यांनी बॅटरी खाली ठेवली. "आई, मिश्री म्हणजे तंबाखूच की."

तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "पण ती भाजलेली असते," म्हणालीस.

तुझं ते वाक्य मी इतकी वर्षं वागवते आहे. त्यात हट्ट नव्हता. पाणी उकळलं की त्यातलं वाईट मरतं, तसं तंबाखू भाजली की तिच्यातलं वाईट जळून जातं, असा तुझा सरळ हिशेब होता. तो चूक आहे हे तुला आधी सांगणारं कुणी भेटलं नाही. मी विज्ञान शिकत होते. माझ्या पुस्तकात तंबाखूवर धडा होता, त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचं चित्र होतं. पाटावर बसलेल्या बाईचं नव्हतं.

ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा गेला, मग रेडिएशनचे शेक घेतलेस. तुझे शब्द आम्हाला नीट कळेनासे झाले आणि तू बोलणंच कमी केलंस. शेवटी नाकातल्या नळीतून पेज चालायची. तरी पेज द्यायला आले की तू माझ्या हातांकडे बोट दाखवायचीस, धुतलेस का म्हणून. मी परत जाऊन धुवून यायचे. पुढचा दसरा तू पाहिला नाहीस.

आता मी तुझ्या त्या वेळच्या वयाची आहे. बाबा ऐंशीच्या घरात आहेत आणि रोज सकाळी चालायला जातात. तुझ्याविषयी फारसं बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "माझी सोडवली तिनं. मी तिची नाही सोडवली."

या उन्हाळ्यात मावशीच्या नातवाच्या लग्नाला कळवणला गेले होते. पंगतीत मावशी माझ्या शेजारी बसली होती. तिने भाजीचा रस्सा बाजूला सारला आणि भात दुधात कालवला. माझा घास तोंडातच राहिला. पाहुणे पांगल्यावर मी तिला मागच्या पडवीत नेलं आणि म्हटलं, "मावशी, तोंड उघड."

मावशी चिडली की अहिराणीवर येते. "मना तोंडले काय व्हयेल शे?" म्हणाली.

"काही झालं नसेल तर बरंच आहे. उघड तरी."

मोबाईलच्या उजेडात पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे बोट फिरतं तिथे, पांढरा चट्टा होता. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर नाशिकला चल. तिने हात झटकला. "तुझी आई ऑपरेशननं गेली. घरी राहिली असती तर अजून चार वर्षं काढली असती. मी नाय येत." मी समजावलं, रागावले, तिच्या सुनेला मध्ये घातलं, कशाचा उपयोग झाला नाही. थकून मी तिच्याशेजारी खाली बसले. मग मावशीच हळू आवाजात बोलली. "तिला बघायला आले ना दवाखान्यात, तेव्हा बी डबी कमरेलाच व्हती. तिच्या खोलीतून उठले, जिन्यात गेले अन् लावली. माझी भैन आत तशी पडलेली, अन् मी जिन्यात बसून लावली." पदर तोंडाशी धरून ती रडायला लागली. "माझ्यानं नाय सुटत, पोरी. नाय लावली तर डोकं ठणकतं, पोट साफ व्हत नाय."

"सुटेल," मी म्हटलं. "आधी दाखवून तर येऊ."

ती आली. चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत ती माझ्याकडेच राहिली, आणि त्या दिवसांत मला कळलं की तू बाबांना एका धमकीत जे सोडायला लावलंस ते किती अवघड असतं. मावशी सकाळपासून घरभर फिरायची, सुनेला फोन करून भांडायची. मी तिला मऊ ब्रश आणून दिला, तो तिने आधी उलटा धरला. बडीशेप, लवंग, कोमट पाणी, असं काही ना काही चालू होतं. एका दुपारी ती खालच्या वॉचमनच्या बायकोकडे मिश्री लावताना सापडली. तिने माझ्याकडे बघून तोंड धुतलं आणि गुपचूप वर आली. मी रागावले नाही. तिला चहा करून दिला.

अहवाल चांगला आला. कॅन्सर नाही, पण चट्टा तिकडे जायच्या वाटेवर होता. मिश्री पूर्ण बंद करायची, ठरल्या वेळी तपासायला यायचं, चट्टा काढून टाकू, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून हसून म्हणाल्या, "बरं झालं, वेळेवर आणलंत यांना."

मावशीने हात जोडले. अहवालासाठी कळवणहून आलेली सून हसली. मला रडू आलं आणि थांबेना. मावशीने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "येडी, झालं ना सगळं चांगलं." सगळ्यांना ते आनंदाचं रडू वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही, म्हणून लिहिते. आई, मला आनंद झाला नव्हता. म्हणजे नंतर झाला, घरी आल्यावर, मावशी निजल्यावर. पण त्या खोलीत, डॉक्टरबाई हसत हसत "वेळेवर आणलंत" म्हणाल्या तेव्हा, मी मावशीकडे पाहिलं आणि मला वाटलं, ही कशाला? खुर्चीत तुझ्याऐवजी ही का बसली आहे?