मोहिमेच्या नकाशातील खोटी वाट

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद कार्यालय, बदलापूर.

विषय : जूनमधील हिमालय मोहिमेच्या प्रस्तावातून अर्जदाराचे 'मार्गदर्शक' म्हणून असलेले नाव व त्याने सांगितलेल्या वाटेचा नकाशा काढून टाकणेबाबत.
संदर्भ : मोहीमप्रमुख श्री. विक्रांत यांचा दि. ११ एप्रिल २००८ चा अनुदान मागणीचा प्रस्ताव.

महोदय,

१) अर्जदार बबन कोंडाजी उबाळे, वय ६४, राहणार मांजर्ली, हा अंबरनाथच्या एका कारखान्यात कँटीनचा आचारी होता. १९९८ साली कारखान्यातील मंडळी लाहौलमधील याच एकवीस हजार फुटी शिखरावर गेली, तेव्हा स्वयंपाकासाठी त्यास सोबत नेले. परत आल्यावर वस्तीने ढोल लावून मिरवणूक काढली, 'शिखरवीर' असा फलक लावला. अर्जदारास तेव्हा वाचता येत नव्हते. परंतु लोक काय ओरडत आहेत ते ऐकू येत होते.

२) अर्जदार शिखरावर गेलेला नाही. तो तळाच्या छावणीत अकरा दिवस डाळभात शिजवीत होता. त्या उंचीवर भात कच्चा राहतो, एवढेच त्यास त्या डोंगराविषयी खात्रीने सांगता येईल.

३) नात यशोधरा त्या वेळी अकरा वर्षांची होती. तिला अर्जदाराने 'शिखरावरचा दगड' म्हणून ओढ्यातला एक दगड दिला. तो गोल, गुळगुळीत आहे. असा दगड पाण्यातच होतो. उल्हास नदीकाठच्या एकाही माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याचे अर्जदारास दहा वर्षे नवलही वाटले आणि भयही. पुढे तिने त्यास पाटीवर अक्षरे शिकविली. रोज एक अक्षर, बदल्यात शिखराची थोडी वाट, असे ठरले होते. अक्षरे खरी होती.

४) यशोधरा आता मोहिमेतील सहा जणांत आहे. प्रस्तावासोबतचा नकाशा तिनेच अर्जदाराच्या सांगण्यावरून काढला. त्यात शेवटच्या छावणीपासून डाव्या धारेने जावे, असे आहे. ती धार अर्जदाराने खालून, स्टोव्ह पेटविताना पाहिली. पलीकडे उतार आहे की दरी, त्यास ठाऊक नाही. कारखाना बंद पडून जुनी मंडळी पांगली आहेत. त्यांना शोधून विचारू, असे विक्रांत म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "कशाला? आमचे आजोबा स्वतः चालून आलेत." अर्जदार समोर बसला होता. त्याने चहा संपविला.

५) पत्नी द्रौपदी हिला आरंभापासून माहीत आहे. ती काल म्हणाली, "अहो, डोंगर नाही चढलात, आता साहेबांच्या ऑफिसचा जिना तरी चढा." म्हणून हा अर्ज.

६) प्रस्ताव सोमवारी आपल्यापुढे येणार आहे. तत्पूर्वी नाव व नकाशा काढावा आणि खरोखर वर गेलेला माणूस मिळेपर्यंत मंजुरी थांबवावी. मुलांचा यात दोष नाही. त्यांची मोहीम रद्द करू नये.

७) कारण गुप्त ठेवावे, असे अर्जदाराने येथे लिहिले होते. ते खोडले आहे. खाडाखोडीची क्षमा असावी. हा अर्ज यशोधरेस वाचावयास द्यावा. तिला तोंडाने सांगणे अर्जदारास जमलेले नाही. अक्षर कोणाचे, हे तिला सांगावे लागणार नाही.

आपला नम्र आणि खजील,
(सही) बबन कोंडाजी उबाळे
मांजर्ली, बदलापूर (प.)
दि. १९ एप्रिल २००८

सोबत : दगड, एक नग. (नातीच्या कपाटातून न विचारता घेतला आहे. तिलाच परत द्यावा.)