टाका कोणाचा सुटतो?

शनिवार, १४ नोव्हेंबर

ती. बाबांना
साष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र पाठवते आहे म्हणून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. तुमचे जावई खुशाल, त्यांचा खोकला त्यांच्याहून खुशाल. फोनवर तुम्ही माझं वाक्य अर्ध्यात तोडता आणि उरलेलं स्वतःच बोलून मोकळे होता. आज मला अख्खी वाक्यं बोलायची आहेत. पत्र आईने आधी उघडलं तर तिलाही नमस्कार, पण तिने ते तुम्हाला वाचून दाखवू नये. ती गाळून वाचते.

बातमी अशी, की मला संशोधनाचा निधी मिळाला. पाच वर्षांचा! आमच्या शस्त्रक्रिया विभागात एवढा मोठा निधी याआधी एकदाच आला होता, तो विभागप्रमुखांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना. त्याला इतका काळ लोटला की त्या वेळच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर केस आहेत.

विषय तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्याला हसला होतात. पोटाचं ऑपरेशन झालं की आपण टाके घालून पोट बंद करतो, माणूस घरी जातो, आणि पुढे काही जणांना त्याच जागी हर्निया होतो. आमच्याकडे कोणालाही विचारा, उत्तर एकच, "माझा टाका सुटत नाही." मोठे सर हेच म्हणतात, त्यांच्या हाताखालचे हेच म्हणतात आणि तुम्ही तर जेवतानासुद्धा म्हणता. मग सुटतात ते टाके कोणाचे? ज्याचा सुटतो तो आपल्याकडे परत येतच नाही, बाबा. तो वैतागून दुसऱ्या सर्जनकडे जातो आणि आपण इकडे मिशांना पीळ देत बसतो. (मला मिशा नाहीत, पण पीळ आहे.) म्हणून आता विभागातले सगळे एकमेकांचे जुने रुग्ण तपासणार. काहींना बारीक, जवळजवळचे टाके घातलेले असतील, काहींना नेहमीचे मोठे. कोणाचं पोट कोणी शिवलंय हे तपासणाऱ्याला कळणार नाही.

खरं सांगू, निधी मिळवणं सोपं होतं, विभागाला पटवणं महाकठीण. सर्जनला एक वेळ शिवी दिलेली चालेल, पण आपला टाका दुसऱ्याने उलटून बघितलेला चालत नाही. मी मोठ्या सरांना ऑपरेशनआधी हात धुताना गाठलं.

"म्हणजे तू माझी परीक्षा घेणार?"

"माझीपण, सर."

ते बराच वेळ हातच धूत राहिले. मग म्हणाले, "पहिले माझे पेशंट घे. म्हणजे बाकीचे तोंड उघडणार नाहीत." त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनातही खडूस म्हणत नाही.

आता मुलाखतीची गंमत ऐका. लांब टेबलापलीकडे निधी मंडळ बसलेलं, मधोमध अध्यक्षबाई. त्या डॉक्टर नाहीत, संख्याशास्त्राच्या. नजर अशी, की माणसाने न केलेला गुन्हा कबूल करावा. त्यांनी विचारलं, "या प्रकल्पात काय काय बिघडू शकतं?"

शहाण्याने इथे म्हणायचं असतं, "फारसं काही नाही, आमची तयारी पूर्ण आहे." माझ्या भूलतज्ज्ञ मैत्रिणीने ते माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. पण 'काय बिघडू शकतं' हा प्रश्न मी रोज रुग्णांच्या घरच्यांकडून ऐकते, तेव्हा जीभ नेहमीच्या वाटेने निघाली. मी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हे बघा, घाबरून जाऊ नका. पण सगळं आधी सांगणं माझं काम आहे. बरेचसे रुग्ण परत तपासायला येणारच नाहीत. एखाददुसरा सर्जन मधेच रुसून बाहेर पडेल. एवढं सगळं करून दोन्ही टाक्यांत काही फरक नाही असंही निघू शकतं. आम्ही आमच्याकडून पूर्ण प्रयत्न करू. तुम्हाला काही विचारायचंय?"

आणि मी सवयीने हाताशी होता तो कागद बाईंपुढे सरकवला, वर पेन ठेवलं आणि म्हटलं, "मग इथे सही करा. जवळचं नातेवाईक कोण आलंय बरोबर?"

कागद कसला, माझी पार्किंगची पावती होती ती! मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि मग बाई हसायला लागल्या. डोळे पुसत हसल्या, शेजारच्याला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. निकाल कळवताना म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी आम्हाला यशाची खात्री दिली. तुमच्यावर मात्र विश्वास बसला." मैत्रीण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. तिची शिकवणी पाण्यात गेली.

आता तुम्ही म्हणत असाल, पोरगी हसवते आहे, म्हणजे काहीतरी दडवते आहे. बरोबर.

निधीला अटी आहेत. आठवड्यातले तीन दिवस संशोधन, ऑपरेशन फक्त दोन दिवस, आणि पाचही वर्षं याच विभागात. म्हणजे येत्या उन्हाळ्यात तुमचा दवाखाना सांभाळायला मी येत नाही. बाबा, मी पाच वर्षांनीही येणार नाही. पाच वर्षांच्या आड लपता आलं असतं मला. पण मग तुम्ही पंचाहत्तरी उलटेपर्यंत वाट बघत बसला असतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

होकार मी मंगळवारीच कळवला. आधी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, नुसते गप्प झाला असतात, आणि तुमच्या गप्प बसण्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. तुम्ही जन्मभर जे केलंत ते मी कमी लेखत नाही. एकट्याच्या जिवावर दहा खाटा चालवणं मला जमणारही नाही. पण मी शिवलेला माणूस घरी गेला की त्याचं पुढे काय झालं, हा किडा माझ्या डोक्यातून जात नाही. तो घेऊन मी तुमच्या खुर्चीत बसले तर खुर्चीचंही भलं होणार नाही आणि माझंही. मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. आणि तरी मी आनंदात आहे, हेही खरं.

आई बोलता बोलता म्हणाली, तुम्ही नवीन ऑपरेशन टेबल घेतलंत आणि ते चांगलं खालपर्यंत येतं. तुम्ही सहा फुटी. इथे स्टुलावर चढून ऑपरेशन करते ती मी. ते कोणासाठी घेतलंत हे विचारावं लागलं नाही. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

एक मागणं आहे. तुम्ही रजेवर गेलात की ती नवरा-बायको दोघं सर्जन तुमची कामं बघतात ना, दवाखाना त्यांना द्या. मदतनीस म्हणून नाही, त्यांचाच म्हणून. ती तर माझ्याहून बुटकी आहे, टेबल तिला अगदी बेताचं होईल.

उद्या, रविवारी, सकाळच्या गाडीने येते. पत्र आज जावयांच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, म्हणजे माझ्याआधी पोचेल. रागवायचं ते समोर बसवून रागवा. फक्त राउंडला घेऊन जाऊ नका, आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून 'ही माझी मुलगी, आता हीच बघणार' म्हणू नका. पहिले तीन शब्द म्हणालात तरी मला पुष्कळ आहेत.

दवाखान्यात न येणारी, घरी येणारी,
तुमची
टिल्ली