ताईच्या नावाचं मत

३ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात खोकल्याची रांग लागली होती. बाटल्या देता देता एका डोळ्याने वाचत होते आणि त्या नादात एका म्हातारबुवांना जेवणानंतरची गोळी जेवणाऐवजी घ्या म्हणून सांगून बसले. ते म्हणाले, जेवणाचा खर्च वाचणार असेल तर दोन पाकिटं द्या.

वर्तमानपत्रात लिहिणं आता तरी थांबव, असं तू पुन्हा लिहिलंस. अगं, तुझे भावजी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. भिंतीशी बोलले तर लोक वेडी म्हणतील. ‘वाचकांचं मत’मध्ये बोलले तर निदान नाव छापतात. आणि या वेळी मी काय वावगं लिहिलं? निवडणूक कार्यालयाचे प्रमुख, म्हणजे तुझ्या ह्यांचे साहेब, प्रकृतीच्या कारणाने पायउतार झाले अशी बातमी आली. गेल्या महिन्यापर्यंत जो माणूस सायकलवरून कचेरीत जात होता, त्याला एका रात्रीत काय झालं आणि कोणत्या डॉक्टरांनी तपासलं, एवढंच मी विचारलं. औषधं विकणाऱ्या बाईने प्रकृतीची चौकशी करू नये तर कोणी करावी?

वर्षभरात मोठ्या न्यायालयात, मोठ्या बँकेत, रेडिओवर नवी माणसं बसली. मी दर वेळी एकच विचारते. ज्यांचा क्रम होता, ते कुठे गेले? यात राजकारण नाही. रांगेत उभं राहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडेल.

मेहुण्यांना सांग, साहेबांची खबर कळली तर कळवा. आणि तू पाठदुखीवर तो लेप लावतेस की नुसता कपाटात जपून ठेवतेस?

तुझी खबर घेत राहणारी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू कदाचित रेडिओवर ऐकलं असशील, तरी मी सांगायला हवं. साहेबांच्या जागी ह्यांना नेमलं आहे. ह्यांच्यावर तिघं वरिष्ठ होते. त्या तिघांची लांब लांब बदली झाली. ह्यांना आधी कोणी विचारलं नाही. दुपारी फोन आला, गाडी आली, संध्याकाळी परतले ते नेमणूक घेऊनच. बुटांसकट पलंगावर बसून राहिले. आपले हे, दाराबाहेर बूट काढले नाहीत तर मला चार शब्द सुनावणारे. मी विचारलं, नाही म्हणता आलं नसतं का? तर म्हणाले, साहेब नाहीच म्हणाले होते.

आम्ही साहेबांच्याच घरात राहायला आलो आहोत. पडदे त्यांचेच आहेत. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांच्या बायकोच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, मला त्या काढवत नाहीत. फाटकावर पहारेकरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव लिहून घेतो, दूधवाल्याचंसुद्धा. दूधवाला रोज वेगळं नाव सांगतो आणि हा मुकाट्याने लिहितो, हे पाहून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

काल साहेबांच्या बायको फाटकाशी आल्या होत्या. ते कुठे आहेत, एवढंच ह्यांना विचारायचं होतं. पहारेकऱ्याने परत पाठवलं. हे वरच्या खिडकीत उभे राहून पाहत होते. मग दिवसभर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ताई, लहानपणापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. जे मागायचं असायचं ते तू आधीच देऊन टाकायचीस. आज मागते. या नेमणुकीबद्दल लिहू नकोस.

तुझी माया आहे म्हणूनच हक्काने सांगणारी,
चिऊ


२७ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रेडिओवर मेहुण्यांचं नाव ऐकलं तेव्हा हातातली बाटली सुटली. लोकांना वाटलं आनंदाने. अभिनंदन करायला निम्मी गल्ली आली. शेजारचे घड्याळवाले मात्र आले, स्टुलावर बसले आणि आता काय लिहिणार म्हणून विचारून चहा न घेताच उठले.

त्यांनी नेमकं दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलं. वर्षभर मी दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल आणि भावांबद्दल लिहीत आले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी नाही करणार, हे मी कितीदा छातीठोकपणे सांगितलंय. तरी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले आणि एक ओळ उतरली नाही. प्रत्येक वाक्यात तुझं तोंड दिसायचं.

मी लिहीत नाही. तू मागितलंस म्हणून. पण मेहुण्यांना माझा निरोप दे. अजून वेळ आहे, आजारी पडा. माझ्याकडे हवी तितकी औषधं आहेत. हसू नकोस, मी खरंच सांगते आहे. नाकापेक्षा मोती जड झाला की नाकच फाटतं.

परवा औषध खात्याचा तपासनीस आला होता. याच वर्षी एकदा येऊन गेला होता, तरी पुन्हा. कपाटं उघडली, परवाना पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाला. जाताना बाम विकत घेतला आणि अलीकडे आपलं काही वाचायला मिळत नाही, म्हणाला. इतक्या आदराने बोलला, की मी त्याचे सुटे पैसे दोनदा मोजले.

तुझं पाकीट उघडून पुन्हा डकवलेलं होतं. तू डिंक असा कडेबाहेर सांडत नाहीस. जपून राहा.

जीव तुझ्यापाशी ठेवून,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र धोब्याच्या मुलीकडून बाहेरच्या पेटीत टाकते आहे.

मंगळवारी माहिती खात्याचे एक गृहस्थ घरी आले. वयाने ह्यांच्याएवढे, बोलणं मऊ, आल्याआल्या माझ्या पाठीची चौकशी केली. पाठ दुखते हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहिलेलं नाही. त्यांनी टेबलावर एक फाइल ठेवली. त्यात तुझी छापून आलेली सगळी पत्रं होती, कापून नीट चिकटवलेली, काही ओळींखाली लाल रेघा. तुमच्या बहिणीची लेखणी फार चांगली आहे, म्हणाले. आम्ही सगळे आवडीने वाचतो. मग म्हणाले, इतक्या नेमणुकांवर लिहिणाऱ्या बाई घरच्याच नेमणुकीवर गप्प का? लोक विचारतात. घरच्यांनाच ही नेमणूक पसंत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

हे पूर्ण वेळ कपाकडे पाहत होते. ते गेल्यावर मी म्हटलं, बोलली तरी अडचण आणि न बोलली तरी अडचण, मग माणसाने करायचं काय? ह्यांनी सह्यांचे कागद पुढे ओढले. मतदारयाद्यांचे गठ्ठे घरी येतात, हे सह्या करतात. कितीतरी गल्ल्यांच्या गल्ल्या यादीतून गेल्या आहेत. विचारलं तर म्हणतात, स्पेलिंगच्या दुरुस्त्या.

तू काळजी करू नकोस. मी निभावून नेलं आहे. आता तुला कोणी त्रास देणार नाही.

तुझ्या सावलीत वाढलेली,
चिऊ


२२ मार्च

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. औषध कंपनीचा विक्रेता तुमच्या शहरात येतो आहे, त्याच्या हाती देते. वाचून जाळ.

काल ‘वाचकांचं मत’मध्ये माझं पत्र छापून आलं. माझं नाव, माझ्या दुकानाचा पत्ता. नव्या निवडणूक प्रमुखांना मी जवळून ओळखते, इतका सरळ माणूस शोधून सापडणार नाही, आधी मी जे लिहिलं ते उतावीळपणाचं होतं. पुढे लिहिलं होतं, नवी चप्पल चार दिवस चावतेच, म्हणून कोणी अनवाणी फिरत नाही.

तिथवर मला वाटत होतं, खात्यातल्या कुणा कारकुनाने खरडलं असेल. चपलेच्या ओळीवर आले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते आईचं वाक्य आहे. शाळेच्या पहिल्या दिवसांत तू रडायला लागलीस की ती म्हणायची. मी ते कधी छापायला दिलेलं नाही, आणि आपल्या दोघींशिवाय ते ठाऊक असलेलं आता कोणी उरलेलं नाही.

मी रागावलेले नाही. तू मला वाचवायला लिहिलंस, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. पण चिऊ, काल दुपारी निवृत्त हेडमास्तरीणबाई आल्या. माझं प्रत्येक पत्र त्या मोठ्याने वाचून घरच्यांना ऐकवायच्या. काल त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या, पैसे काउंटरवर ठेवले आणि एक शब्द न बोलता गेल्या. त्या बाईंचा मुलगा बदली होऊन गेलेल्या त्या तिघा वरिष्ठांपैकी एक आहे, हे मला घड्याळवाल्यांकडून कळलं.

संपादकाला फोन केला. तो नवा आहे. खुलासे छापत नाही म्हणाला. म्हणून सकाळी मी दुकानाच्या काचेवर कागद लावला: ‘२१ तारखेला माझ्या नावाने छापलेलं मत माझं नाही.’ खाली सही केली. लोक थांबून वाचतात आणि भराभर पुढे जातात. हेडमास्तरीणबाई मात्र पलीकडच्या फुटपाथवर बराच वेळ उभ्या होत्या.

तुझं मागणं मोडलं असं समजू नकोस. मी नेमणुकीबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. मग मत कोणाचं म्हणून विचारलं, तर ठाऊक नाही म्हणेन. तू तोंड उघडायचं नाहीस. अळीमिळी गुपचिळी. ही मोठ्या बहिणीची आज्ञा समज.

आशीर्वाद कमी पडणार नाहीत,
ताई


२ एप्रिल

ताईंच्या भगिनींस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी ताईंच्या दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करतो. आपला पत्ता त्यांच्या काउंटरवरच्या पाकिटावरून घेतला, क्षमा असावी.

सोमवारी सकाळी दोन माणसं आली. काचेवरच्या कागदाबद्दल थोडं विचारायचं आहे, तासाभरात आणून सोडतो, म्हणाली. ताईंनी समोरच्या बाईंना बाळाच्या तापाचं औषध मोजून दिलं, किती चमचे ते दोनदा समजावलं, मग चष्मा बदलून त्यांच्याबरोबर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, दुकानाकडे लक्ष ठेवा, घड्याळांकडे नंतर पाहा.

त्या अजून परतलेल्या नाहीत. पोलीस चौकीत गेलो, तिथे अशा नावाची कोणी बाई आणलीच नाही म्हणतात. संध्याकाळी दुकानाला सील लागलं आणि कागद खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कोणीतरी तसाच कागद पुन्हा लावला होता. तोही काढला. अक्षर हेडमास्तरीणबाईंचं असावं, पण मी ते ओळखलं नाही असं म्हणतो.

आपले यजमान मोठ्या जागेवर आहेत. काही करता आलं तर पाहावं. गल्लीतले सगळे आपल्या पत्राकडे डोळे लावून आहेत.

आपला नम्र,
घड्याळवाला शेजारी


६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र बसस्टँडवर बसून लिहिते आहे, घड्याळवाल्या काकांच्या पत्त्यावर पाठवीन. तुझ्या हाती कधी पडेल ठाऊक नाही, पण लिहिल्याशिवाय मला बसमध्ये चढवत नाही.

काकांचं पत्र मी ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी दोन ठिकाणी फोन केले. दुसऱ्या फोनवर नुसतं हो, हो म्हणत राहिले आणि ठेवताना आभार मानले. मग म्हणाले, यात पडू नका असा सल्ला मिळाला आहे. मी तेव्हा सांगून टाकलं, की ते मत मी लिहिलं, त्या गृहस्थांनी कागद पुढे केला आणि मी लिहून दिलं. हे म्हणाले, मला माहीत होतं. छापून आलं त्याच दिवशी ओळखलं, आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

ताई, मला या माणसाचा राग येत नाही. साहेबांच्या बायकोला ज्या खिडकीतून पाहत होते, त्याच खिडकीत उभे असतात. पण मी त्या खिडकीत उभी राहणार नाही.

मी येते आहे. तू गप्प राहायची आज्ञा केलीस, ती मोडते आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मोडते, सांभाळून घे. ह्यांनी अडवलं नाही. गाडी देता येणार नाही, एवढं म्हणाले. मी म्हटलं, बसने जाईन. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, कुठे? तर त्याला तुझं पूर्ण नाव सांगितलं आणि नीट लिही म्हटलं.

आधी चौकीत जाईन. तिथे नाही म्हणाले तर त्यांच्या वरच्या कचेरीत, मग त्याच्या वरच्या. पायरीवर बसून राहीन. साहेबांच्या बायकोला निरोप पाठवला आहे, त्याही येते म्हणाल्या. दोघींनी मिळून विचारलं तर निदान दोघींना हाकलावं लागेल.

आणि वाटेत जे कोणी हे पाकीट उघडून वाचत असतील, त्यांनीही वाचावं, घाईने डकवू नये. २१ मार्चला छापलेलं ते मत माझ्या ताईचं नाही. ते मी लिहिलं. फाइलमध्ये ही ओळ चिकटवायची असेल तर चिकटवा, लाल रेघ मीच मारून देते.

तुला घरी घेऊन जायला निघालेली,
तुझी चिऊ