गायीचे मागचे पाय

प्रिय हेस्टर,

तू, तुझा दुखरा गुडघा आणि त्याहून दुखरे तुझे यजमान क्लेमेंट, असे तिघेही तिकडे लडलो गावी सुखरूप असाल असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. माझ्या तब्येतीची चौकशी करणारं तुझं पत्र अजून आलं नाही, तेव्हा ते टपालखात्यानेच हरवलं असणार.

गेल्या महिन्यात तू फोनवर रविवारच्या मालिकेतल्या बिशपचं तोंड भरून कौतुक केलंस आणि वर विचारलंस, "ऑब्री, तुला का रे मिळत नाहीत अशी कामं?" हेस्टर, तो बिशप मी होतो. (ज्याच्यासाठी तू रुमाल भिजवलास, तो दारुडा कप्तानही मीच. आणि ज्याच्या तोंडावर खानदानी नीचपणा दिसतो म्हणालीस, तो गळा दाबणारा वकीलही मीच. ते खानदान आपलंच आहे.) समीक्षक मला अष्टपैलू म्हणतात. म्हणजे काय, तर मी रंगभूमीवर राजे केले, पडद्यावर खुनी केले, आणि कोपऱ्यावरचा पाववाला अजून मला बॉयलर दुरुस्त करणारा समजतो. मला याचं वाईट वाटतं. परक्यांचं सोड, पण घरच्यांचं वाटतं.

असो. यंदा नाताळच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे पोराटोरांसाठीच्या त्या नाचगाण्याच्या सोंगी नाटकात, इथे समुद्रकाठी मला दुष्ट जमीनदाराचं काम मिळालं होतं. डावीकडून यायचं, पोरांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी पश्चात्ताप करून यमक जुळणाऱ्या दोन ओळी म्हणायच्या. आता या शेवटच्या दोन ओळी अपशकुन नको म्हणून पहिल्या प्रयोगापर्यंत कोणी तोंडातून काढत नाही, त्याऐवजी तालमीत 'टंपटी टंपटी' म्हणायचं, हे आमच्याकडे पडदा ओढणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण आमची दिग्दर्शिका टॅम्सिन टीव्हीतून आलेली. तिला शेवट नीट ऐकायचा होता. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला नीट ऐकायचं म्हणत होतं, म्हणून मी म्हणून दाखवल्या. छान म्हटल्या. सगळ्या मंडळींच्या माना खाली गेल्या.

दुसऱ्याच दिवशी आमचा डेस्मंड, जो विधवा गवळणीचं काम करतो, आपल्याच परकरात पाय अडकून जिन्यावरून गडगडला. नाटकात दोघांनी मिळून घालायची एक कापडी गाय आहे, तिचे मागचे पाय करणारा गडी डेस्मंडच्या जागी परकरात गेला, आणि गायीची मागची बाजू रिकामी झाली. अपशकुन कोणी केला यावर मतभेद नव्हते. मॅनेजरला तर निमित्तच हवं होतं. त्याने जमीनदाराचं काम टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या किट फॅरडेला दिलं. मला म्हणाला, "ऑब्री, लोक ओळखीचा चेहरा बघायला येतात हो. तुमचं कसंय, तुम्ही कशातही मिसळून जाता."

तर मी मिसळलो आहे. दोन तास वाकून, इमोजेन नावाच्या मुलीच्या कमरेला धरून नाचतो. ती पुढचे पाय करते आणि दुपारी राजम्यासारखे उकडलेले बीन्स खाते. या वयात मी आणखी काही मागत नाही. तू येण्याची तसदी मुळीच घेऊ नकोस. एवढा प्रवास, त्यात तो गुडघा, आणि पाहायचं काय, तर शेपूट.

तुझा धाकटा भाऊ,
ऑब्री

ता. क. शनिवारच्या दुपारच्या खेळाचं एक तिकीट तुझ्या नावाने खिडकीवर ठेवलं आहे. कडेची खुर्ची आहे, गुडघा लांब करता येईल. क्लेमेंटना आणू नकोस.

ता. क. २. शेवटी वाकून नमस्कार करताना पुढचीच गायीचं मुंडकं काढते, मागच्याने बाहेर यायचं नाही अशी पद्धत आहे. पण लहानपणी बाबांच्या ओव्हरकोटात आपण गाय व्हायचो, तू पुढे आणि मी मागे, तेव्हा मी डाव्या पायाने उजवा पाय खाजवायचो आणि तू हसून पडायचीस. शनिवारी ती गाय तसंच करील. नीट बघ.

ता. क. ३. नाहीच ओळखलंस, तर रात्री फोन कर, गायीचं कौतुक कर आणि असली कामं मला का मिळत नाहीत ते विचार.