मोहाच्या वासाची कबुली

मी, दिवालीबाई करमसिंग पावरा, वय पंचाहत्तर, राहणार सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुका चोपडा, धर्माने ख्रिस्ती, गावच्या ल्युथरन मंडळीची सभासद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणी धाक दाखवला नाही की गोड बोलून लिहवून घेतले नाही. गोड बोलून माझ्याकडून काही करून घेणे किती अवघड आहे, ते घरच्यांना विचारावे.

१. राहते दोन खोल्यांचे घर मुलगी शीतल हिला. ती जळगावला नर्स आहे, तरी दर सणाला येऊन माझे पाय चोळते. दीड एकर कोरडवाहू रान मुलगा हिलाल याला. हिलाल शहरातल्या मोठ्या हॉलमधल्या उपासनेला जातो. तिथे ड्रम वाजतो, पडद्यावर गीताचे शब्द येतात. त्याला माझी हरकत नाही, मलाही आता पुस्तकातले बारीक अक्षर दिसत नाही. हरकत याला आहे, की ज्याला मोटारसायकल मिळाली तो पुढे उभा राहून देवाने दिली अशी साक्ष देतो आणि ज्याचा बैल मेला तो मागे मान खाली घालून बसतो. बाळा, देवाची कृपा शोरूममधून येत नाही. ती फुकट आहे, म्हणून तर आपल्याला परवडली.

माझ्या फोटोचा फ्लेक्स चोपड्याच्या रस्त्यावर लावू नये.

२. प्रभुभोजनाची भाकर मी चाळीस वर्षे भाजली. तो तवा शीतलला. त्यावर आमलेट करू नये. करोनानंतर मंडळीने द्राक्षरसासाठी प्लास्टिकचे इवले इवले पेले आणले, तेव्हा मी किरण पाळकांना विचारले होते, खोकल्याचे औषध पाजताय का? पण प्रभू त्या पेल्यातही येतो असे आपणच शिकवतो, म्हणून भांडण सोडले. सगळ्यांसाठीचा चांदीचा जुना प्याला मीच घासत आले, पण तो मंडळीचा आहे. जे माझे नाही ते मला देता येत नाही, आणि अडवताही येत नाही. हे मला फार उशिरा कळले.

३. २००३ च्या ईस्टरला माझा दीर सुकलाल प्रभुभोजनासाठी गुडघे टेकून बसला होता. माझे यजमान मंडळीचे पंच, पाळकांच्या शेजारी उभे. सुकलालच्या अंगाला मोहाचा वास येत होता. मी यजमानांच्या कानाशी जाऊन सांगितले, "पिऊन आलाय." त्यांनी त्याला सगळ्यांदेखत उठवले. तो उठून बाहेर गेला. पुन्हा मंडळीत आला नाही. सख्ख्या भावाच्या दफनालाही तो कबरस्थानाच्या कुंपणाबाहेर उभा राहिला.

त्या ईस्टरनंतर चार वर्षांनी त्याची बायको आजारी पडली, म्हणून तिच्या जागी मी पहाटे मोहाची फुले वेचायला गेले. घरी येऊन पीठ मळायला बसले, तर माझ्या हाताला तोच वास. सुकलाल त्या दिवशी पहाटेपासून फुले वेचून, टोपली घरी टाकून, तसाच उपासनेला आला होता.

हे कळूनही मी गप्प बसले. पंचांच्या बायकोचे चुकले असे कोण म्हणणार? आणि तो प्यालेला असता तरी काय? मेज प्रभूचे, आम्ही वाढपी, हे मुलांना मीच शिकवायचे. वाढप्याने पंगतीतला पाहुणा उठवला. मला त्याची लाज वाटते.

म्हणून बांधावरचे मोहाचे झाड सुकलालला. माझ्या दफनाच्या दिवशी हे कलम मंडळीत वाचावे आणि प्रभुभोजन आधी त्याला द्यावे.

४. शुक्रवारी सुकलालला बोलावून वरचे सगळे वाचून दाखवले. तो ओट्यावर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "वहिनी, मरी गयावर माफी मांगशी का? तव्हय मी कोनले हा म्हनू?"

मी म्हटले, "माले लाज वाटस."

"माले बी वाटनी व्हती. बावीस वरीस."

झाड त्याला नको आहे. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचे आहे. वकिलांनी सांगितले होते की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ते मी त्याला नीट समजावले. तो म्हणाला, "सही करसू."

म्हणून कलम तीनचा शेवटचा परिच्छेद रद्द. झाड रानाबरोबर हिलालला. फुले कोण वेचतो ते त्याने पाहू नये.

५. आज उपासनेत कलम तीन मी उभी राहून वाचले. किरण पाळकांनी पेल्यांचा ट्रे बाजूला ठेवून चांदीचा प्याला काढला. सुकलाल शेवटच्या बाकावरून उठून पुढे आला.

मृत्युपत्राची अंमलबजावणी शीतलने करावी. यापूर्वी मी काही लिहिले नव्हते, आता बदलायचेही नाही.

दिवालीबाई करमसिंग पावरा (सही)

साक्षीदार:
१. मंजुळाबाई हिरामण कोळी, शेजारीण (सही)
२. सुकलाल पावरा, दीर. सही येते, पण बोटे फुलांच्या रसाने चिकट, म्हणून अंगठा. पहाटे रानात जाऊन तसाच आला आहे. कागदाला वास येईल. तो फुलांचा आहे.

स्थळ: मंडळीचा ओटा, ता. चोपडा, जि. जळगाव
दिनांक: २० एप्रिल २०२५, ईस्टर