धाकट्याच्या पायाचं माप

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा: ज्यांचे पाय वाकडे, आखूड किंवा अधू आहेत अशांसाठी बूट बनवणे. एकेचाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यातल्या बूट-विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. हे मृत्युपत्र मी राहत्या घरी, पुढच्या खोलीत बसून स्वहस्ते लिहीत आहे.

माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय मात्र नाही. वर्ष निघालं तर पुष्कळ, असं डॉक्टरांनी माझ्या लेकीला बाहेर नेऊन सांगितलं आणि मी दाराआडून ऐकलं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, लिहायचं ते लिहा, पण त्यात कोणाला शिव्या घालू नका." हा दबाव धरला जाऊ नये. माझा आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल, त्याची वाटणी माझ्या हातात नाही. बाकीची खाली करत आहे.

कलम १. घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, हे सर्व माझ्या एकुलत्या एक लेकीस मिळावे. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. न्हाणीघराचं दार खालून घासतं, ते रंधा मारून घ्यावं. मी वीस वर्षं "उद्या करतो" म्हणत आलो आणि जावई वीस वर्षं हसू दाबत आले. त्या हसण्याचा मला राग आलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

कलम २. माझी सर्व हत्यारं, म्हणजे रापी, आऱ्या, हातोड्या, तीन पायांची लोखंडी ऐरण आणि पायाने चालवायचं शिवणयंत्र, टाकेवालीस द्यावीत. टाकेवाली हे तिला मी ठेवलेलं नाव आहे. एकोणीस वर्षांची असताना ती आमच्याकडे बूट घ्यायला आली होती. बूट पायात घालून बघायच्या आधी तिने तो उलटा केला आणि म्हणाली, "हा टाका वाकडा आहे." टाका वाकडाच होता. दुसऱ्या महिन्यात ती आमच्याकडे कामाला लागली, आणि आज त्या विभागाची प्रमुख आहे.

पहिल्या वर्षी मी तिच्यावर फार ओरडलो. तिच्यावरच नाही, सगळ्यांवर. राग माझ्या नाकावर असायचा. एकदा मी एका आजीवर ओरडलो, का तर तिने पाय सरळ धरला नाही. ज्या बाईला पाय सरळ धरता येत नाही म्हणूनच ती माझ्याकडे आली होती! आमच्या विभागाच्या थोरल्या सिस्टरने ते ऐकलं आणि माझ्या बायकोला सांगितलं. बायकोने आरडाओरडा केला नाही. सकाळी डबा देताना म्हणाली, "अहो, तुम्ही खिळे तोंडात धरता ना ठोकताना? मग राग आला की आधी चार खिळे तोंडात घ्या. ते असेपर्यंत तुम्हाला बोलता यायचं नाही. तेवढ्यात त्या माणसासाठी प्रार्थना करा." मी म्हणालो, असल्या उपायाने कोणी संत होत नाही. ती म्हणाली, "संत कोणाला हवाय? मला माणूस पुरे."

तेव्हापासून खिळे तोंडात घेतले की प्रार्थना. सुरुवातीला प्रार्थना एवढीच असायची: "देवा, हा माणूस लवकर जाऊ दे." पुढे पुढे ती बदलली. कधी बदलली ते मला सांगता येणार नाही. "पायातली वहाण पायातच बरी" अशी एक म्हण आहे. ती ज्याने काढली त्याने कधी कोणाचा पाय हातात धरला नसावा. दिवसाला सहा-सात माणसांचे पाय मांडीवर घेतले की मालक कोण आणि नोकर कोण हे लक्षात राहत नाही.

कलम ३. खिळ्यांचा पत्र्याचा डबा आणि घरातलं मोठं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ज्यात तिच्या आजीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, हे दोन्ही माझ्या नातीस द्यावे. माझा राग तिला आधीच मिळालेला आहे, त्यासाठी मृत्युपत्र लागलं नाही. उपाय मात्र लिहून द्यावा लागतो. खिळे गिळू नयेत.

कलम ४. माझी बांबूची शिडी शेजारच्या वायरमनकडे सहा वर्षं आहे. ती मी त्यांना दिली असं समजावं. म्हणजे मी गेल्यावर त्यांना परत करावी लागू नये, आणि जिवंत आहे तोवर मला रोज त्यांच्या गच्चीकडे बघावं लागू नये.

कलम ५. माझा सख्खा धाकटा भाऊ, निवृत्त शाळामास्तर, वय सत्तर, राहणार दोन गल्ल्या पलीकडे, यास माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये.

कारण देण्याची सक्ती नाही, पण मला राहवत नाही. लहानपणी एका तापात त्याचा डावा पाय दीड इंच आखूड राहिला. शाळेत पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायची. मी चौदा वर्षांचा होतो. एक दिवस फळीचा तुकडा तासला आणि त्याच्या बुटाच्या तळाला ठोकला. तो अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला आणि म्हणाला, "दादा, जमीन सपाट झाली." माझा धंदा त्या दिवशी ठरला. पुढे पन्नास वर्षं त्याच्या पायात माझ्याच हातचा बूट होता.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभेत मला वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, निवडायचं चाललं होतं. हा उभा राहिला आणि भर सभेत म्हणाला, "दादासारखा कारागीर नाही. पण त्याची जीभ अजून त्याच्या ताब्यात नाही. ज्याला लोक घाबरतात त्याला वडील करू नका." माझं नाव मागे पडलं. बाहेर पायरीवर मी त्याला म्हणालो, "आजपासून तुझ्या पायाचं तू बघ." आणि त्याने बघितलं. तेव्हापासून तो बाजारचा बूट घालतो, तळाला कुठूनतरी चिकटवून घेतलेला रबराचा तुकडा. दर रविवारी माझ्या बाकाजवळून जातो. एक पाऊल जड, एक हलकं. उपदेश सुरू व्हायच्या आधी मला ते ऐकावं लागतं.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. शेवटपर्यंत सांगत होती, "भावजी खोटं बोलले असते तर तुम्हाला एवढं लागलं नसतं."

आणखी एक. प्रभूच्या प्रार्थनेत आपण इतरांना क्षमा केल्याची जी ओळ येते, तिथे मी नऊ वर्षं गप्प राहतो. माझ्यात दोष पुष्कळ आहेत, पण देवाच्या तोंडावर खोटं बोलणं माझ्याच्याने होत नाही.

पुढील मजकूर अकरा दिवसांनी लिहीत आहे.

वरील कलम ५ रद्द समजावे. मी त्यावर रेघ मारली आहे, पण खालचं वाचता येईल अशीच. वकील म्हणाले, स्वच्छ प्रत करा. मी म्हणालो, नको. माणसाला बदलायला किती वेळ लागतो ते माझ्या नातीला दिसू दे.

ते कलम लिहून झाल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बसलो, त्या ओळीशी येऊन थांबलो, आणि लक्षात आलं की आजवर मी नुसता गप्प होतो, आता तेच सहीनिशी कागदावर आलं आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण मेल्यावर गेली तर तिचा कोणाला उपयोग?

म्हणून नवीन कलम ५: धाकट्या भावास एक जोड बूट द्यावेत. त्याच्या पायाचे लाकडी साचे माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. ते का ठेवले हे कोणी विचारू नये. टाकेवालीने त्यावर मऊ कातड्याचे बूट करावेत आणि माझी माती झाल्यावर त्याच्या घरी पोचवावेत. सोबत चिठ्ठी असावी: "दादाकडून."

हे लिहिलं आणि मनात म्हटलं, झाली क्षमा. फार सोपं गेलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

टाकेवालीला बोलावून कलम वाचून दाखवलं. तिने साचे हातात घेतले, उलटसुलट केले.

"हे माप कधीचं?"

"नऊ वर्षांपूर्वीचं."

"दवाखान्यात दोन वर्षांचं जुनं माप घेऊन कोणी आलं तर तुम्ही काय करायचात, मास्तर?"

"परत पाठवायचो. पाय बदलतो."

"मग हा काय देवळातला खांब आहे? सत्तरीचा पाय आहे. यावर बूट केला तर पहिल्याच दिवशी फोड येतील."

"तर तू जाऊन माप घे."

"मी नाही घेणार. आणि खरं सांगू? तुम्ही मेल्यावर बूट पाठवणार. त्यांनी ते तोंडावर परत केले तर तुम्हाला कुठे लागणार आहे?"

मी ओरडलो. छातीत दुखेपर्यंत ओरडलो. ती शांतपणे साचे फडक्यात गुंडाळत बसली, आणि जाताना दार हळूच ओढून घेऊन गेली.

पुढील मजकूर आणखी सव्वा महिन्याने लिहीत आहे.

नवीन कलम ५ सुद्धा रद्द समजावे. त्याचं कारण असं.

टाकेवाली गेल्यावर चौथ्या दिवशी मी पिशवीत कोरे कागद, पेन्सिल आणि टेप घेतली आणि निघालो. गल्ल्या दोनच, पण वाटेत दोनदा बसावं लागलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा हृदयामुळे बसलो नव्हतो. मला भीती वाटत होती. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एकेचाळीस वर्षं अनोळखी लोकांचे पाय धरलेला, आणि सख्ख्या भावाच्या दारात उभं राहायला पाय उचलत नव्हता. मी प्रार्थना केली. देवाने काही उत्तर दिलं नाही. उठलो इतकंच.

दार त्यानेच उघडलं. काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं, त्यातलं अक्षर आठवेना. मी म्हणालो, "पाय दे."

तो म्हणाला, "आधी आत तर ये."

त्याला खुर्चीवर बसवलं आणि मी खाली गुडघ्यांवर बसलो. तो "अरे, तुझी छाती" म्हणत उठू लागला, मी त्याला दाबून बसवलं. मोजा काढला. मग थोडा वेळ मला काही दिसेना. डाव्या पायाच्या करंगळीवर सुपारीएवढं कुरूप. टाच भेगाळून घट्ट झालेली. कंबर एका बाजूला खचल्यामुळे फरक दीड इंचाचा पावणेदोन झालेला. नऊ वर्षं त्या रबराच्या तुकड्यावर चालत हा माणूस दर रविवारी माझ्या बाकाजवळून गेला, आणि मी ते ऐकत बसलो. एवढा कारागीर मी!

मी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "धाकट्या, तू सभेत बोललास ते खरं होतं. मी पायरीवर जे बोललो त्याने ते सिद्धच केलं. मला माफ कर."

तो म्हणाला, "दादा, चूक माझीही होती. तसं सभेत बोलायला नको होतं. घरी येऊन तुला सांगायला हवं होतं."

"घरी सांगितलं असतंस तर मी हातोडी फेकून मारली असती."

"म्हणूनच सभेत बोललो."

आम्ही दोघं हसलो, आणि मग दोघंही रडलो. रडताना कागद भिजला, म्हणून माप दुसऱ्या कागदावर पुन्हा घ्यावं लागलं. मला उठता येईना, तेव्हा त्याने काखेत हात घालून उठवलं. लंगडा माणूस आणि छातीचा रोगी, दोघं पडता पडता वाचलो.

साचे नवे केले. बूट मागच्या शेडमध्ये केले. कापणं माझं, शिवणं बहुतेक टाकेवालीचं, कारण माझ्या हातांना आता दोरा ओढवत नाही. एकवीस दिवस लागले. या दिवसांत मी टाकेवालीवर दोनदा ओरडलो. पूर्वी दिवसाला दोनदा ओरडायचो. जीभ ताब्यात आली असं मी म्हणणार नाही, पण आता माझं थोडं ऐकते.

गेल्या रविवारी प्रार्थनेत त्या ओळीला मी तोंड उघडलं. आवाज बरा लागला नाही. शेजारच्या बाकावरून धाकट्याने वळून पाहिलं, कारण माझा आवाज त्याने तिथे नऊ वर्षं ऐकला नव्हता. म्हणजे तोही ऐकत होता तर.

कलम ६. माझ्या मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी मी शांत स्वभावाचा होतो असं सांगू नये. लोक हसतील. तापट होतो, देव माझ्यावर रोज थोडं थोडं काम करत होता आणि काम अर्धवट असतानाच त्याने बोलावून घेतलं, एवढं सांगावं. जास्त बोलायचं असेल तर माझ्या बायकोबद्दल बोलावं.

शेवटचं कलम. या मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत. थोरल्या सिस्टर लगेच हो म्हणाल्या. दुसरा म्हणून मी धाकट्याचं नाव सुचवलं, तेव्हा वकील म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. तो साक्षीदार झाला तर त्याचं मिळणारं जातं. काय ते ठरवा."

मी धाकट्याला विचारलं. म्हटलं, माझी घड्याळं आहेत, कपाट आहे, हवं ते तुझ्या नावे लिहितो. साक्षीदार दुसरा बघू.

तो टेबलाखाली वाकून पायातले नवे बूट एकदा बघून घेत म्हणाला, "पेन दे. माझं मला मिळालंय."

सबब धाकट्या भावास या मृत्युपत्राने काही द्यायचं राहिलेलं नाही.

वरील सर्व मजकूर, खोडलेला आणि न खोडलेला, मी वाचला असून तो माझाच आहे. रद्द केलेल्या कलमांशेजारी आम्ही तिघांनी सह्या केल्या आहेत.

लिहून देणार: बूटमास्तर (सही)

साक्षीदार पहिल्या: थोरल्या सिस्टर, बूट-विभाग, निवृत्त (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ (सही)

तारीख: सतरा, सोमवार, सकाळी.

ठिकाण: धाकट्याचं घर.