फोटोत न दिसलेलं

तंजावूर, १४ ऑगस्ट १९६१, सोमवार

रंगाला घेऊन काल मद्रासहून परतले. दवाखान्यात कंपाउंडर असताना माझ्या या धाकट्या भावाला मॉर्फिनच्या सुईची सवय लागली आणि नोकरी गेली. मेंदूतच काही बिघाड आहे का, हे बघायला मद्रासच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून हवा भरून त्याच्या डोक्याचा एक्स-रे काढला. दोन दिवस डोकेदुखीने नुसता तळमळत होता. तरी सारखं विचारायचा, "अक्का, काही दिसलं का?"

काही दिसलं नाही. तो काळा फोटो खिडकीपाशी धरून डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मी आनंदाने हात जोडले. रंगा मात्र रडायलाच लागला. "म्हणजे मेंदू चांगला आहे. वाईट मीच."

त्याला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "अशा फोटोत गाठ असली तर दिसते, बाई. तलफ दिसत नाही. तो वाईट नाही, आजारी आहे. त्याला नीट समजावून सांगा."

मी नाही सांगितलं. का? वाटलं, निदान लाजेने तरी सोडेल. आगगाडीत तो फोटोचं पाकीट मांडीवर घेऊन बसला होता, तेव्हाही मी गप्पच. कसली ही माझी हुशारी?

आज शाळेत शिकवताना लक्षच लागेना. घरी आल्या आल्या त्याला सगळं सांगून टाकलं. रंगाने शांतपणे ऐकून घेतलं. मग सदऱ्याची बाही वर केली. दंडावर सुईची ताजी खूण होती.

"सकाळी सांगायचंस, अक्का," एवढंच म्हणाला.